खुंटीवरचा दोर

"…आणि हा खुंटीवर कुणी चढवला?"

लतीफबाबांनी विचारलं तेव्हा विसाजी दारातच उभा होता. सकाळपासून तो याच प्रश्नाची वाट बघत होता.

"मी चढवला, बाबा. कसा दिसतो?"

बाबांनी खुंटीवरच्या दोराला बोट लावून बघितलं.

नदी पायी ओलांडायच्या उतारावरचा हा तकिया, फकिराचं ठाणं. नमाज, जप ज्याचा त्याने करावा. पण पाण्यातून पलीकडे जाणारं माणूस वाहून जाऊ लागलं, तर काठावरून दोर फेकायचा, ही इथली खरी बंदगी. बाबांचे हात आता थरथरत. येत्या शुक्रवारी गावासमोर ते हा उतार कुणाच्या तरी स्वाधीन करणार होते, आणि तो कुणीतरी म्हणजे आपणच, याविषयी विसाजीला तिळमात्र शंका नव्हती.

विसाजी पलीकडच्या पेठेतल्या दोरवाल्यांचा धाकटा. एकदा मालाच्या गाडीबरोबर इकडे आला आणि त्याच्यादेखत एक कासारीण पाण्यात सापडली. बाबांच्या हातून दोर सुटला, नदीवरून रेघ ओढावी तसा सरळ गेला, आणि बाई बांगड्यांच्या पेटीसकट काठाला लागली. गाडी परत गेली, विसाजी गेला नाही. भावांनी निरोप धाडला, "वेड उतरलं की ये, गादीवरची जागा मोकळी ठेवतो." त्या निरोपाने तो इथे आणखी घट्ट रुतला.

त्याने त्या दिवशी दोर बघितला होता. टोपली बघितली नव्हती.

ती मग रोज बघावी लागली. वेताची, एका बाजूने उसवलेली, आणि तिच्यात तकियातला तो एकुलता एक दोर कसाही ओतलेला. जाणारे-येणारे बघत. दोरवाल्याच्या पोराने हे किती सोसावं? काल त्याने दोर उपसला, धुतला, वाळवला. कोपर ते अंगठा असे एकसारखे फेरे घेतले, मधोमध आवळले आणि वेटोळं खुंटीवर टांगलं.

"टोपलीत भर," बाबा म्हणाले.

"का?"

"गुंता होईल."

विसाजीला हसू आलं. "टोपलीतल्या त्या गबाळ्याचा होत नाही आणि माझ्या वेटोळ्याचा होईल? बाबा, आमच्या घरात आजोबांपासून दोर विकतात. दुकानात आम्ही असाच टांगतो. गिऱ्हाईक रस्त्यावरून बघून आत येतं."

"बुडता बुडता येतं?"

…विसाजीचे कान तापले.

बाबांनी वेटोळं काढून त्याच्या हातात दिलं आणि पाण्यातल्या काळ्या खडकाकडे बोट केलं.

विसाजीने गाठ सोडली, एक टोक मुठीत धरलं आणि जोर लावून फेकलं. दोर हवेत सुटला खरा, पण एक फेरा दुसऱ्याच्या गळ्यात पडला, तिसरा दोघांत शिरला, आणि सगळा गोळा काठापासून हाताच्या अंतरावर पाण्यात आपटला.

"वारा आडवा आला," विसाजी म्हणाला.

सोडवून, गुंडाळून त्याने पुन्हा फेकला. पुन्हा तेच.

"दोर अजून माझ्या हाताला सरावला नाही."

"टोपलीत वाव-वाव, दोन्ही हात पसरून मावेल तेवढा, सोडत जायचं," बाबा म्हणाले. "शेवटी गेलेलं आधी निघतं. एकमेकांत अडकायला त्याला फेरेच नसतात."

"नसतील."

विसाजी पायरीवर बसला. गुंता सोडवला. दोर पिळून, पुसून, आधीपेक्षा नेटके फेरे घेतले आणि वेटोळं त्याच खुंटीवर चढवलं.

"टोपलीत मी भरणार नाही."

"शुक्रवार जवळ आलाय, विसाजी."

"आला तर येऊ दे. उतार द्या नाहीतर नका देऊ. चारचौघांत लाज वाटावी असा दोर माझ्या हातून ठेवला जाणार नाही."

"मग?"

"मग मी घरी जातो. तिथे माझा दोर समजणारी माणसं आहेत."

"जा."

विसाजीला वाटलं होतं, म्हातारा थांब म्हणेल. निदान एकदा. त्याने गाठोडं उचललं, डोक्यावर घेतलं आणि तो काठावर आला.

सकाळी घोट्याला लागणारं पाणी आता गढूळ होऊन फुगलं होतं. वर कुठे तरी पाऊस कोसळला असावा. दुसरा कुणी असता तर विसाजीनेच त्याला दटावून मागे बसवलं असतं. पण बोलून बसला होता. आता मागे फिरायचं म्हणजे नाक कापून घेणं.

तो उतरला. गुडघा बुडाला. मांडी बुडाली. पायाखालचा एक धोंडा हलला आणि निघून गेला.

"विसाजी."

त्याने मान वळवली.

कुणीही पाण्यात उतरलं की बाबा जिथे येऊन उभे राहत, तिथेच ते उभे होते. एका हातात खुंटीवरून काढलेलं वेटोळं. दुसऱ्या हाताला अडकवलेली टोपली.

"तू पलीकडे लागेपर्यंत मला इथे उभं राहायचंय, ही इथली रीत. यातलं काय हातात धरू?"

…पाणी कमरेला लागलं होतं.

विसाजीने वेटोळ्याकडे बघितलं. फेऱ्याला फेरा जुळलेला. असं वेटोळं उभ्या पेठेत कुणाला जमलं नसतं.

मग त्याने टोपलीकडे बघितलं.

"टोपली," तो म्हणाला. आवाज पाण्याने खाल्ला. तेव्हा तो रागाने, गळा ताणून म्हणाला, "टोपली धरा, बाबा."

बाबांनी टोपली त्याच्याकडे कलती केली, तळ दिसेल इतकी.

"रिकामी आहे, बेटा."