मागचं चाक

खाडीतली पाणमांजरं मोठी नाव घेऊन समुद्रावर मासेमारीला जात, त्या काळची ही गोष्ट. नावेचं चाक पुढच्या केबिनमध्ये होतं आणि नावेचा प्रमुख पोशा तांडेल याच्याशिवाय त्यावर कुणी पंजा ठेवायचा नाही, असा रिवाज होता. जाळं मात्र मागून सुटायचं आणि ते केबिनमधून दिसायचं नाही. एकदा जाळ्याचा दोर नावेवरच्या चांगुणा नावाच्या पाणमांजरीच्या भावाच्या पायात अडकला, तरी नाव पुढेच जात राहिली. भाऊ वाचला, पण पायाने कायमचा अधू झाला.

तेव्हा चांगुणेने नावेच्या मागच्या टोकाला दुसरं चाक बसवलं आणि साखळीने सुकाणूला जोडलं.

पोशा खवळला. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. काढ ते!"

"तुमच्या चाकापाशी उभं राहून मागे माझा भाऊ दिसतो का, तांडेल? दिसत असेल तर आत्ता काढते."

पोशाने तिच्याकडे पाठ फिरवली. त्याने खलाशांनाच दम भरला, "त्या चाकाला जो शिवेल, त्याला नावेवर ठेवणार नाही!"

पुढच्याच फेरीत दोराने एका म्हाताऱ्या खलाशाला विळखा घातला. चांगुणेने सगळं बळ लावून चाक फिरवलं. केबिनमध्ये पोशाच्या पंजातलं चाकही फिरू लागलं, तसं त्याने ते उलटं ओढलं.

"सोड!" तो ओरडला.

"नाही सोडत!"

लंगडत भाऊ तिच्या मदतीला आला, मग एकेक खलाशी आला. नाव जाळ्याच्या दिशेने वळली, दोर सैल पडला आणि म्हातारा सुटला.

संध्याकाळी पोशा मागे आला. "राहू दे चाक. पण मला विचारल्याशिवाय फिरवायचं नाही."

"दोर विचारून आवळत नाही, तांडेल," चांगुणा म्हणाली आणि साखळीला तेल घालू लागली.