सांजपरी आणि पहिली मूठ

तबिताच्या घरात चकाकणाऱ्या वस्तू दोनच. एक मार्थामावशीचं घासून घासून पातळ झालेलं पितळी ताट आणि दुसरा आईचा फोन. बाकी सगळं घर मातीच्या रंगाचं होतं. बाबा देवाघरी गेले, पिठाचा डबा सारखा तळाला जाऊ लागला, तेव्हा आई दूरच्या शहरात इस्पितळात आयाचं काम करायला गेली. जाताना तिनं तबिताला मार्थामावशीपाशी ठेवलं आणि आपला फोन चिमुकल्या तबूच्या हातात दिला.

"माझ्यापेक्षा तुलाच लागेल हा, बाळा. रोज दिवेलागणीला मी वॉर्डातल्या फोनवरून तुला हाक मारीन. दोघी मिळून प्रार्थना करू. तेवढ्यावर माझा दुसरा दिवस निघेल."

आधी तसंच चाललं. दिवेलागण झाली की फोन किणकिणायचा आणि इवल्याशा त्या काचेतून आईचा आवाज घरभर पसरायचा. मग एक दिवस रविवारच्या शब्बाथशाळेचं, बायबलमधलं वचन पाठ करायला तबूनं फोन उघडला. वचनाच्या खाली एक पांढरंशुभ्र मांजराचं पिल्लू लाल टोपी घालून नाचत होतं. आता तुम्हीच सांगा, टोपी घातलेलं पिल्लू कोण सोडेल? त्याच्यामागून दुसरं आलं, दुसऱ्यामागून पोपट आला, आणि वचन बिचारं वरच राहून गेलं.

तेव्हापासून तबूच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. जेवताना बोटं वळवळायची. भांडी घासताना वाटायचं, आत्ता काहीतरी नवीन आलं असेल. चर्चमध्ये सगळे गात असताना हिचा अंगठा आपला फ्रॉकवरच सरकत असायचा. फोन हातात नसला की चैन नाही आणि असला तरी नाही. कुणी हाक मारली की एकच उत्तर, "आत्ता येते हं!" आणि ते आत्ता काही केल्या यायचं नाही.

त्या 'आत्ता'ची सगळ्यांत जास्त वाट बघायचे शेजारचे शलमोन आजोबा. एके काळी चर्चची घंटा तेच वाजवायचे. आता डोळ्यांनी दिसत नव्हतं, छातीत कफ भरायचा, आणि ते दाराशी खाटेवर पडून असायचे. त्यांचा मुलगा एलिया त्याच दूरच्या शहरात टेम्पो चालवायचा.

"तबू, माझ्या एल्याला फोन लावून देती का गं पोरी?"

"आत्ता येते हं, आजोबा!"

तरी तबू वाईट मुलगी नव्हती बरं का. आपल्या भाकरीतला तुकडा ती चिमण्यांना टाकायची. घराजवळच्या चर्चच्या आवारात गुलबक्षीची झुडपं होती, त्यांना ती रोज पाणी घालायची, कुणी सांगितलं नव्हतं तरी. गुलबक्षी दिवसभर मिटलेली असते आणि संध्याकाळ झाली की गुलाबी, पिवळी, ठिपक्याठिपक्यांची होऊन हळूच डोळे उघडते.

अशाच एका संध्याकाळी झुडपाखाली सळसळ झाली. तबूनं वाकून पाहिलं. एक इटुकली परी इवलासा झाडू घेऊन झाडत होती! तिचा एक पंख गुलाबी, दुसरा हळदीसारखा पिवळा. शेजारी टोपली होती आणि टोपलीत सोनेरी कण लुकलुकत होते.

"पाय उचल गं," परी म्हणाली. "तुझ्याच पायाखाली सांडलंय."

"काय सांडलंय?"

"वेळ! मी सांजपरी. देवबापानं माणसांना वेळ दिला आणि माणसं तो सांडत सुटली. मी आपली त्याच्या अंगणातली झाडलोट करते. हल्ली कंबर मोडायची वेळ आली आहे, इतका कचरा! त्यात तुझ्या घरापुढचा ढीग केवढा मोठा."

तबू लाजून लाल झाली. परीला तिची दया आली.

"पण तू माझ्या फुलांना पाणी घालतेस. म्हणून या टोपलीतलं तू दोनदा मागू शकतेस. नियम मात्र आहेत. गेलेला वेळ परत मागायचा नाही. आणि मिळालेल्या वेळातली पहिली मूठ दुसऱ्या कुणासाठी तरी काढायची. ती काढली नाहीस, तर बाकीचा सगळा सांडेल."

"मग आजची संध्याकाळ थोडी लांबव ना!" तबू उतावीळपणे म्हणाली. "म्हणजे व्हिडिओही बघून होतील आणि आईशीही बोलता येईल."

परीनं चमचमते कण तिच्या खिशात ओतले. सूर्य कडुलिंबाच्या शेंड्यावर थबकला. सगळं आवार मधासारखं पिवळं झालं. तबू पायरीवर बसली आणि तिनं फोन उघडला.

"तबू, येती का गं?" आजोबांची हाक आली.

"आत्ता येते हं! उरेल त्यातून मूठ काढीन," ती स्वतःशीच म्हणाली. खिशाच्या शिवणीतून कण झरझर गळू लागले. तिला पत्ताही नव्हता. लाल टोपीचं पिल्लू आता सायकलवर बसलं होतं. तेवढ्यात पिल्लाच्या डोक्यावर आकडे उमटले. आईच्या वॉर्डाचा नंबर! फोन किणकिणला. तबूच्या अंगठ्यानं तो नंबर बाजूला सारला. आत्ता लावते, फक्त ही सायकल पडते का बघू दे.

सायकल पडली. खिसा रिकामा झाला. सूर्य एकदम मावळला.

तबूनं घाईघाईनं उलटा फोन लावला. कुणीतरी अनोळखी बाई बोलली, "तुझी आई बराच वेळ फोनपाशी उभी होती गं. आता गेली कामावर. डोळे पुसत होती."

तबूला वाटलं, आपल्याला कुणी मोठ्यानं रागावलं असतं तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती घरभर येरझाऱ्या घालत होती. त्यात दुपारी वीज गेली. फोनमधल्या चार्जिंगची एवढीशी लाल रेघ उरली होती. मार्थामावशी भाकरी करायला बसली. डबा उघडून तिनं पहिली मूठ पीठ बाजूच्या मडक्यात टाकलं. त्यांच्या चर्चमधल्या बायकांची ही जुनी रीत. हे पीठ रविवारी चर्चमध्ये जायचं आणि ज्याची चूल थंड असेल त्याच्या घरी पोचायचं.

"मावशी, आपल्यालाच पीठ कमी आहे. उरलं तर दे ना."

"उरलंय का कधी? आधी काढली तरच निघते गं मूठ," मावशी परातीत पाणी ओतत म्हणाली. "आणि उरलंसुरलं काय देवापुढं ठेवायचं? तू पण भलतंच बोलतीस!"

संध्याकाळी गुलबक्षी उमलायच्या आधीच तबू झुडपापाशी हजर होती.

"सांजपरी, मला आईशी बोलायचंय. एकदाच. तेवढा वेळ या फोनमध्ये राहू दे."

"देते," परी म्हणाली. "पण नियम तोच." तिनं चिमूटभर सोनं फोनवर शिंपडलं. लाल रेघ मंद चमकली.

तबू फोन छातीशी धरून घराकडे पळत सुटली. आता आईचा फोन येईल, आता येईल! वाटेत आजोबांचं दार लागलं. आज आजोबांनी हाक मारली नाही. ते खाटेवर तळमळत होते, श्वासाला घरघर लागली होती आणि ते पुटपुटत होते, "एल्या... एल्या आला का?"

तबूचे पाय थांबले. आजोबांना फोन लावून दिला तर लाल रेघ संपणार. मग आई पुन्हा फोनपाशी उभी राहणार, पुन्हा डोळे पुसणार. आधी आई, उरलं तर आजोबा, असं तिच्या मनात आलं. पण तिला मावशीचं मडकं आठवलं.  आणि बोटांनी एलियाचा नंबर दाबलासुद्धा.

"आजोबा, मी आले. घ्या, एलियाकाका आहेत."

काय सांगू तुम्हाला! म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की खोलीत दिवा लागल्यासारखं झालं. लाल रेघ केव्हाच विझायला हवी होती, पण आजोबा बोलत गेले आणि ती तेवत राहिली. एलियाचं बालपण झालं, घंटेची गोष्ट झाली, छातीचं दुखणं झालं.

"उद्या ये रे बाबा. अन् ऐक, ही पोरगी आहे ना तबू, हिची आई तिकडच्याच इस्पितळात असती. तिला सुट्टी मिळती, पण काम सुटायच्या आधीच शेवटची एसटी निघून जाती म्हणं. तुझ्या टेम्पोत जागा असली तर..."

फोन विझला. काच काळी झाली.

त्या दिवशी आईचा फोन लागलाच नाही. तबू खूप रडली आणि तशीच झोपली. मावशीनं आजोबांना कढत काढा नेऊन दिला, रात्रभर त्यांची छाती शेकली.

दुसऱ्या दिवशी वीज आली. फोन चार्ज झाला, तरी तबूनं तो कोनाड्यातच ठेवला. पण पायांना चैन कुठलं? फाटक, घर, पुन्हा फाटक. संध्याकाळी ती पाण्याची कळशी घेऊन गुलबक्षीपाशी गेली. सांजपरी टोपली पालथी घालून तिच्यावर आरामात बसली होती.

"आज काही काम नाही," ती पाय हलवत म्हणाली. "तुझ्या घरापुढं एक कणसुद्धा सांडला नाही."

"पण मी आता मांजरं बघायचीच नाहीत का गं?" तबूनं हळूच विचारलं.

परी खुदकन हसली. "बघ की! मांजरंही देवानंच केली आहेत. पण आधी वचन, आधी आजोबा, आधी आई. मूठ आधी काढ आणि मग बघ, उरलेलं कसं गोड लागतं."

एवढ्यात फाटकापाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. धुळीतून एक ओळखीची निळी साडी खाली उतरली.

"तबूऽऽ!"

"आत्ता ये..." तोंडातून सवयीनं निघालं, पण शब्द पुरा व्हायच्या आत तबू आईच्या गळ्यात पडलेली होती. कळशी मागे कलंडली होती. आईच्या साडीला औषधांचा वास येत होता आणि तबूला तो जगातल्या सगळ्या फुलांहून छान वाटला.

मागे गुलबक्षीची सगळी फुलं एकदम उमलली. गुलाबी, पिवळा, सोनेरी उजेड झुडपातून वर उठला, चर्चच्या घंटेला टेकला आणि विरून गेला. झुडपाखाली फक्त इवलासा झाडू पडला होता.

दिवेलागणीला सगळे आजोबांच्या खाटेभोवती बसले. एलियानं आजोबांचा हात धरला, आईनं तबूचा. प्रार्थना सुरू झाली आणि शेजारी तबूच्या घरातला, कोनाड्यातला फोन टिंग करून वाजला. तबूचा अंगठा जरासा हलला. मग आईनं तो आपल्या मुठीत घेतला आणि तो तिथेच शांत झोपला.