अस्वलाचा मागचा हात

सन १९६८. हेमंत ऋतू, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. सह्याद्रीच्या एका जंगलात, तुटलेल्या कड्याच्या पायथ्याशी एक अस्वल राहत होते. जन्म त्याचा वरच्या सड्यावरचा, म्हणजे कड्याच्या माथ्यावरल्या सपाट माळावरचा. त्याच वर्षी श्रावणात दरड कोसळली आणि वर जायची एकच वाट होती, ती दरडीबरोबर गेली. अस्वल तेव्हा खाली पाण्यावर आले होते. ते खाली राहिले. त्याची बहीण वर राहिली.

रोज ऊन कलले की बहीण कड्याच्या टोकाशी येऊन तीन हाका देई. अस्वलांची रीतच तशी आहे. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर आज खाली कोणी नाही असे समजून ती त्या दिवसापुरती निघून जातात. कड्याच्या अगदी पायाशी उभे राहून दिलेली ओ वर पोचत नसे. म्हणून अस्वल चाळीस पावले मागे, ओढ्यातल्या मोकळ्या खडकावर जाई आणि तिथून ओ देई. दिवसाकाठी एवढीच त्यांची भेट.

त्या कड्यावरून एकटा वानर तेवढा ये-जा करी. त्याची टोळी वर सड्यावर होती. तो खाली उंबरे खायला येई. पण दरडीने कडा गुळगुळीत झाला होता आणि वानराचाही हात निसटे. म्हणून त्याने आणि अस्वलाने एक रीत घालून घेतली होती. माथ्यावरच्या अंजनाच्या झाडावरून गारंबीचा जाड वेल दोन्ही बाजूंनी खाली आला होता. एक टोक वानर कमरेला बांधी. दुसरे अस्वल धरी. वानर वर सरकला की अस्वल तेवढा वेल खाली ओढून घेई, म्हणजे वानर घसरला तरी तिथल्या तिथे लोंबकळे.

मुलांनो, धरण्यालाही शिस्त असते. पुढचा हात वेल ओढतो, मागचा हात वेल धरतो. पुढचा हात एक वेळ सुटला तरी चालतो. मागचा सुटता कामा नये. आणि चढण्याआधी चार शब्द बोलायचे असतात. वानर विचारी, "धरलास?" अस्वल म्हणे, "धरला." वानर म्हणे, "निघतो." अस्वल म्हणे, "नीघ." हे चार शब्द झाल्याशिवाय खडकाला पाय लागत नसे. वर पोचला की वानर ओरडे, "पोचलो. सोड." मग अस्वल वेल सोडी.

त्या पंचमीला वानराने उंबरे जास्त खाल्ली आणि त्याला उशीर झाला. ऊन कलले होते. त्याने वेल बांधला आणि विचारले,

"धरलास?"

त्याच वेळी वरून बहिणीची पहिली हाक आली.

"धरला," अस्वल म्हणाले. रोजच्या सवयीने तोंड बोलले. वेल मात्र मांडीवर तसाच पडला होता. अस्वलाची मान वर होती आणि एक पाय ओढ्यातल्या खडकाकडे वळला होता.

"निघतो."

"नीघ."

वानर तीन बांबू उंच गेला आणि तिथे त्याचा पाय घसरला. सरसरत वेल मांडीवरून निघून गेला. अस्वलाने झडप घातली तोवर वानर दगडांत पडला होता. त्याचा डावा हात मोडला.

मोडका हात छातीशी धरून वानर म्हणाला, "धरला म्हणालास."

"म्हणालो."



अस्वलाने त्याला कपारीत नेले. उंबरे आणून दिली, पानांतून पाणी आणून दिले. रोज ऊन कलले की वरून तीन हाका येत. अस्वल खडकावर जात नसे. कपारीच्या तोंडाशी बसून ते तिन्ही हाका ऐके आणि मान खाली घाली. वानरही सड्याकडे बघत बसे. त्याच्या टोळीतली पोरे कड्याच्या टोकावर खेळत, त्यांच्या शेपट्या खालून दिसत.

"जा ना, ओ देऊन ये," वानर एकदा म्हणाला.

"कोणत्या तोंडाने देऊ?" अस्वल म्हणाले.

एक कोल्हा येता-जाता थांबे. "काय अस्वलदादा," तो म्हणे, "मासे सोडून तुम्ही वानरं धरायला लागलात म्हणे. गळातून निसटलं का?" अस्वल उंबरे वेचत राही.

फाल्गुन आला. वानराचा हात जुळला, पण वाकडा जुळला. एका दुपारी टोळीचा म्होरक्या हुप्या कड्याच्या टोकावर येऊन ओरडला, "सड्यावरचं पाणी आटलं. ऊन कललं की आम्ही पलीकडच्या घाटात निघतो. यायचं तर आजच ये. अस्वलीणही आजच निघतेय, पार दुसऱ्या अंगाला."

वानर वाकडा हात चोळत उभा राहिला. अस्वलाने वेलाचे टोक त्याच्यापुढे ठेवले.

"आज ती शेवटच्या हाका देईल," वानर म्हणाला. "त्याच वेळी मी मध्ये असेन. माझा हात असा. मला वेळ लागणार."

"बांध," अस्वल म्हणाले.

त्याने दगडाला पाय रोवले, बूड टेकले, वेल पाठीमागून घेतला आणि मागच्या हाताची मूठ मांडीशी आवळली. मग त्याने वेल एकदा ओढून पाहिला.

"धरलास?"

अस्वलाने आधी स्वतःच्या मुठीकडे पाहिले. मग म्हणाले, "धरला."

"निघतो."

"नीघ."

वानर सरकू लागला. जिथून पडला होता, तिथे तो फार वेळ थांबला. खालून वेल ताठ झाला तेव्हा पुढे गेला. ऊन कलले. पहिली हाक आली.

अस्वलाने मान वर केली नाही. त्याची नजर वानराच्या पायांवर होती.

कोल्हा झुडपातून बाहेर आला. "ताई निघाली वाटतं," तो म्हणाला. "जा की, दादा. चाळीस पावलं तर आहेत. वानर पोचलाच आता, दोन हात राहिलेत."

दुसरी हाक आली. ती पहिलीपेक्षा लांबवलेली होती. अस्वलाचा एक कान वर वळला. त्याचा मागचा हात मांडीशीच राहिला.

"बरं, मी धरतो तोवर," कोल्हा म्हणाला.

"तुझं वजन किती?" अस्वलाने विचारले. कोल्हा दोन पावले मागे सरला.

आणि त्या शेवटच्या दोन हातांतच वानराचा वाकडा हात सुटला. वेलाला हिसका बसला. अस्वल बसल्या जागेवरून वीतभर पुढे ओढले गेले, त्याच्या तळव्याची सालटी निघाली. पण वेल सरकला नाही. वानर हवेत झुलला, खडकाला टेकला आणि त्याने पुन्हा हात घातला.

तिसरी हाक आली. सगळे जंगल ती ऐकत होते. ती संपली, तिचा पडसाद ओढ्यापलीकडे गेला आणि तोही संपला. ओढ्यातला खडक उन्हात रिकामा होता.

वर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग अंजनाच्या झाडातून आवाज आला.

"पोचलो. सोड."

तेव्हा अस्वलाने मूठ उघडली.

तात्पर्य : ज्याचा भार आपण धरला, तो ‘सोड’ म्हणेपर्यंत आपले हात आपले नसतात.