पहिल्या बांबूची जागा

एका नदीच्या कुशीत एक गाव होतं. कुशीत म्हणायचं, पण खरं तर मुठीतच! तिन्ही बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूला उभा कडा. पावसाळ्याचे चार महिने गाव त्या मुठीत आवळलेलं असायचं. वैद्य पलीकडे, बाजार पलीकडे, लेकींची सासरंही पलीकडे. गावात नाचणी पिकायची, फणस बुंध्याला लगडायचे, अळवाची पानं सुपाएवढी व्हायची. पण मीठ पिकत नव्हतं आणि अक्षरही पिकत नव्हतं. अख्ख्या गावात वाचता येणारं एकही माणूस नव्हतं.

पाऊस सरला की, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गाव नदीवर साकव घालायचं. साकव म्हणजे बांबूचा कच्चा पूल; तो घालून झाला की गाव म्हणायचं, 'साकव पडला'. नदीत तीन मोठे खडक होते. काठावरून पहिल्या खडकावर, तिथून दुसऱ्यावर, असे लांब बांबू शेजारी शेजारी टाकायचे, दोरांनी आवळायचे आणि वर तट्ट्या अंथरायच्या. सगळं गाव लागलं तर अर्ध्या दिवसाचं काम.

पण पहिला बांबू टाकायचा म्हणजे मान! तो होता गावच्या दोन मानकऱ्यांचा. एका वर्षी वरच्या आळीच्या मानकऱ्याचा, दुसऱ्या वर्षी खालच्या आळीच्या. पहिला बांबू पडल्याशिवाय गावानं कामाला हात लावायचा नाही, ही रीत.

त्या गावात सुंद्री नावाची एक बुरुडीण राहायची. दोर वळायची तीच, तट्ट्या विणायची तीच. साकवाची गाठ न् गाठ तिच्या हातची. तरी पहिला बांबू पडायचा तेव्हा ती उभी असायची सगळ्यांच्या मागे. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. घरात ती, तिची आठ वर्षांची मैना आणि दोन शेळ्या.

आणखी एक वस्तू होती घरात. वाशाला टांगलेलं बांबूचं एक नळकांडं, आणि त्यात एक पत्र.

होळीच्या सुमारास मीठवाल्यानं ते आणलं होतं. "घाटापलीकडनं आलंय, सुंद्री. तुझ्या माहेरकडचं असणार. हातोहात आलंय, कुणी दिलं ते मला ठाऊक नाही."

माहेरी तिचा एकच भाऊ होता. बारा वर्षांत त्याची भेट नव्हती. वाचणारा माणूस गाठायचा तर दीड दिवसाची वाट, आणि शेळ्या नि पोर टाकून जायचं कसं? तेव्हा मीठवालाच म्हणाला होता, "थांब की थोडी. दिवाळी झाली की तुमच्या गावाला मास्तरीण मिळणार आहे. मैनाच वाचून दाखवेल तुला!"

तेव्हापासून मैनाचं रोज एकच. "आई, मास्तरीण कधी येणार?"

"साकव पडला की."

दसरा आला, दसरा गेला. साकव काही पडेना! कारण काय म्हणाल? ऐका. गेल्या वर्षी पहिला बांबू वरच्या आळीनं टाकला होता. पण अवकाळी पाऊस आला आणि पंधरा दिवसांत तो साकव वाहून गेला. मग दुसरा साकव घातला, त्याचा पहिला बांबू टाकला खालच्या आळीनं. आता यंदा मान कुणाचा?

"वाहून गेलेला बांबू मोजायचा नसतो," वरच्या आळीचा मानकरी म्हणे. "तुमचा टिकला, तुमची पाळी झाली. यंदा आमची."

"वाहून गेला तो तुमच्या हाताच्या गुणानं!" खालच्या आळीचा म्हणे. "आम्ही नुसती तुमची चूक निस्तरली. निस्तरण्याला पाळी म्हणतात होय?"

रोज पारावर बैठक. रोज तेच. गावातलं मीठ संपलं. लोक आळणी भाजी गिळू लागले. मानकरीही आळणीच गिळत होते, पण ताठ मानेनं!

भाऊबीजेच्या दिवशी पलीकडच्या काठावर एक माणूस दिसला. त्यानं डोक्याचं लाल मुंडासं सोडलं आणि ते हवेत गरगर फिरवलं. काहीतरी ओरडलाही, पण पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. काठावर गवत कापणाऱ्या सुंद्रीनंही त्याला पाहिलं.

"असेल कुणी वाटसरू," असं म्हणून तिनं हात हलवला. "साकव नाही रे बाबा! जा, जा!"

तो बराच वेळ उभा राहिला आणि मग वळून निघून गेला.

चौथ्या दिवशी सूर्य डोक्यावर आला होता, तेव्हा काठावरून हाक आली. मीठवाल्याची हाक! त्याची हाक तीन डोंगर ऐकतात. सारं गाव धावत नदीवर गेलं.

"मीठ आणलंऽऽ! आणि मास्तरीणबाई आणल्यातऽऽ! साकव कुठाय?"

त्याच्या शेजारी एक तरुण बाई उभी होती. पायाशी पत्र्याची पेटी. तिनं दोन्ही हात वर करून हलवले. मैना तर उड्याच मारू लागली.

मीठवाला पुन्हा ओरडला, "पलीकडच्या गावानंही बाईंना मागितलंय! त्यांची बैलगाडी वर खिंडीत उभी आहे! दिवस मावळेपर्यंत थांबणार! तोवर बाईंना नेलं नाही, तर शाळा तिकडंऽऽ!"

सगळ्यांच्या नजरा दोन्ही मानकऱ्यांकडे वळल्या.

वरच्या आळीच्या मानकऱ्यानं मिशीवर हात फिरवला. "हरकत नाही. नारळ आणा. मी टाकतो पहिला."

"तुम्ही?" खालच्या आळीचा पुढे सरसावला. "आणि आम्ही काय बघत बसायचं? वाहून गेलेला—"

झालं! पुन्हा पहिल्यापासून सुरू. सूर्य थोडा कलला. सुंद्री सगळ्यांच्या मागे उभी होती, नेहमीसारखी. तिच्या हाताला धरून मैना उभी होती. मैनाच्या उड्या थांबल्या होत्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्या जाणार का गं?"

आठ महिने वाशाला टांगलेलं ते पत्र सुंद्रीला दिसलं. आणखी आठ वर्षं तिथंच टांगलेलं दिसलं. मैना मोठी झालेली दिसली, तिच्यासारखीच, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी.

ती घरी पळाली. नळकांडं काढून तिनं कमरेला खोचलं, दोरांची वेटोळी खांद्यावर टाकली आणि परत येऊन काठावरच्या ढिगातला एक बांबू उचलला.

"ए, ए! सुंद्रे!" वरच्या आळीचा मानकरी ओरडला. "काय करतेस? मानाचा बांबू तू टाकणार?"

"बुरुडणीनं टाकायचा?" खालच्या आळीचा म्हणाला. एका बाबतीत तरी दोघांचं एकमत झालं!

"नाही दादा, तुमचा मान मी कशाला घेऊ?" सुंद्रीनं पदर खोचला. "पहिल्या बांबूची जागा मी सोडते. ही बघा, हातभर जागा, वरच्या अंगाला. तुमचं ठरलं की टाका तिथं. मी दुसऱ्यापासून सुरू करते."

दोन्ही मानकऱ्यांनी वाकून ती जागा बघितली. याला काय म्हणायचं? पहिल्याला तर हिनं हात लावलेला नाही!

"पण पहिल्याच्या आधी दुसरा कसा येईल?" वरच्या आळीचा म्हणाला.

"हा असा येतो," म्हणत सुंद्रीनं बांबू पुढं सरकवला. टोक पहिल्या खडकावर जाऊन टेकलं. ठक्क!

त्या आवाजानं काय झालं कोण जाणे. आधी एक म्हातारी पुढं आली. "मला आळणी आमटी पुरे झाली बाई," म्हणत तिनं बांबूचं बूड धरलं. मग दोघं आले, मग चौघं. मग वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे असे वेगळे ओळखूच येईनात! कुणी बांबू सरकवतंय, कुणी खडकावर उभं राहून टोक धरतंय. "ओढ! ओढ! अरे, माझा अंगठा!" "मग अंगठा काढ की तिथून!" हसणं काय, ओरडणं काय! सुंद्री खडकावरून खडकावर चालली होती, आणि तिच्या बोटांतून गाठी अशा पडत होत्या की बघणाऱ्याला दोर आपोआप वळतोय असं वाटावं.

आणि पलीकडे? मास्तरीणबाई पेटीवर बसून राहिल्या नव्हत्या! त्यांनीही पदर खोचला होता. मीठवाला कोयत्यानं काठावरच्या बेटातले बांबू तोडत होता आणि बाई ते ओढत तिसऱ्या खडकाकडे सरकवत होत्या. साकव दोन्हीकडून वाढू लागला.

पहिला टप्पा झाला. दुसरा झाला. पलीकडून एक तिसऱ्या खडकाला येऊन मिळाला. राहिला मधला. सूर्य डोंगराला टेकायला दोन हात उरले होते. सुंद्री दुसऱ्या खडकावर, मास्तरीणबाई तिसऱ्यावर. मध्ये पांढरं पाणी उसळत होतं.

"टाका!" बाई ओरडल्या.

सुंद्रीनं सरकवलं, बाईंनी टोक धरलं. एक बांबू, दोन, तीन, चार. सुंद्री त्यांच्यावरूनच पुढं गेली, गाठ मारली, ओढून पाहिली आणि मान वर केली. दोघी समोरासमोर उभ्या होत्या, भर नदीत! काठावर एकच जल्लोष झाला.

"चला ताई, गावात जाऊ," बाई म्हणाल्या.

"जाऊ, पण आधी हे." सुंद्रीनं कमरेचं नळकांडं काढलं. मैनाला शिकवून वाचून घेईन, असं तिनं ठरवलं होतं. पण वाचणारं माणूस हातभर अंतरावर उभं असताना कुणाच्यानं थांबवेल?

बाईंनी घडी उलगडली. पाण्याचा आवाज होता, म्हणून त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

"ताई, बारा वर्षं झाली तुला बघून. हे दुसऱ्याकडून लिहून घेतलंय. यंदा भाऊबीजेला मी येतोच. नदीकाठी उभा राहून लाल मुंडासं फिरवीन, ते बघून ओळख. साकव पडला नसेल तर घाटातल्या देवळात चार दिवस थांबेन. चौथ्या दिवशी ऊन उतरलं की माघारी फिरेन. मग पुढं कधी येणं होईल, ठाऊक नाही."

सुंद्रीचा हात आपोआप वर गेला. हाच तो हात. जा, जा, म्हणणारा.

"तो माझा भाऊ होता," ती पुटपुटली. "मीच त्याला जा म्हटलं."

"लाल मुंडासं?" बाई एकदम ओरडल्या. "अहो, आज सकाळी देवळात होता तो! मला विचारत होता, साकव पडला का म्हणून!"

सुंद्रीनं सूर्याकडे पाहिलं. ऊन उतरलं होतं.

मग ती धावली! साकव थरथरला, पण तिची एकही गाठ सुटली नाही. पलीकडचा काठ, बांबूचं बेट, चढण. पायात काटे, छातीत भाता. मागून मैना ओरडत येत होती, "आई, थांब! मी पण!" देवळाचा कळस दिसला, पायऱ्या दिसल्या. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. देवळात कुणी नव्हतं.

पुढं खिंडीच्या वाटेवर, झाडीत शिरता शिरता, एक लाल ठिपका चालला होता.

सुंद्रीनं श्वास ओढला. ती गावाची बुरुडीण, कायम मागे उभी राहणारी, चारचौघांत कधी मोठ्यानं न बोललेली. पण त्या दिवशी तिनं अशी हाक मारली की मीठवाल्यानं लाजावं.

"भाऊऽऽऽ! साकव पडलाऽऽऽ!"

लाल ठिपका थांबला. आणि गरगर फिरू लागला.

तिघं परत काठावर आली तेव्हा दिवस बुडत होता. साकवाच्या अलीकडच्या टोकाशी दोन्ही मानकरी उभे होते. दोघांच्या खांद्यावर एकेक बांबू. पत्रातला मजकूर तोवर दोघांच्या कानावर गेला होता. भाऊबीजेला ते लाल मुंडासं फिरताना दोघांनी पारावरून पाहिलंही होतं, आणि पाळीचा हिशेब पुढं चालू ठेवला होता.

"टाका की दादा," सुंद्री म्हणाली. "जागा तशीच आहे."

वरच्या आळीच्या मानकऱ्यानं त्या हातभर रिकाम्या जागेकडे पाहिलं. शेजारून गावाची पोरं दुडदुडत पलीकडे जाऊन परत येत होती. मिठाची पोती येत होती. पत्र्याची पेटी तर केव्हाच गावात पोचली होती. त्या जागेवाचून कुणाचंही काही अडलं नव्हतं.

"तुम्ही टाका," तो खालच्या आळीच्या मानकऱ्याला म्हणाला.

"छे, छे! तुम्ही."

"आता यावरून भांडू नका!" मैना म्हणाली, आणि सगळे खो खो हसले. मानकरीही हसले, थोडे उशिरा.

शेवटी खालच्या आळीचा मानकरी खांद्यावरचा बांबू उतरवत म्हणाला, "सुंद्रे, साकवाला धरायला काही नाहीये. म्हातारी माणसं तोल जाऊन पडतील. हा एका बाजूला बांध, यांचा दुसऱ्या बाजूला."

असा त्या साकवाला अलीकडच्या टप्प्यावर पहिल्यांदाच कठडा झाला. गाठी सुंद्रीनंच मारल्या, पण या वेळी तिला दोर धरून द्यायला दोन मानकरी वाकले होते.

आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जो आधी काठावर येतो, तो काम सुरू करतो. वरच्या अंगाची हातभर जागा मात्र दर वर्षी मुद्दाम रिकामी सोडतात. शाळेत आलेलं नवं पोर विचारतं, "इथं बांबू का नाही?" मग मैना त्याला ही गोष्ट सांगते. सांगते कशाला, भिंतीवर लिहिलीय तिनं, ती वाचूनच दाखवते.

तात्पर्य: पहिल्या जागेसाठी भांडणाऱ्यांना ती जागा खुशाल सोडून द्या, आणि आपण दुसऱ्यापासून सुरू करा. पण आजच करा. पलीकडच्या काठावर कुणीतरी आपली वाट बघत उभं असतं.