उडी कुणाची?

एका गावात एक मल्ल होता. होता म्हणजे काय, अजून आहे. फक्त आता गुडघे कुरकुरतात. त्याचं नाव सर्जेराव. तरुणपणी तो तंबूतल्या कुस्त्यांचा खेळ करायचा. जत्रेत तंबू लागायचा, लोक तिकीट काढून आत बसायचे, आणि कुणी जिंकायचं ते आधीच ठरलेलं असायचं. लोकांनाही ते ठाऊक होतं हो! पण बघताना विसरायचे, त्यातच तर मजा.

जिंकायचा सर्जेराव. हरायचा त्याचा जोडीदार गुंडाप्पा. हा सव्वाशे किलोचा गडी तोंडाला काजळ फासून राक्षस व्हायचा. शेवटी सर्जेराव त्याला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचा, गरगर फिरवायचा आणि आपटायचा. सर्जेरावासाठी लोक फेटे उडवायचे, गुंडाप्पाला शेंगांची टरफलं मारायचे. खेळ संपला की गुंडाप्पा केसांतली टरफलं वेचत हसत बसायचा.

आता आतली गोष्ट ऐका. एवढा गडी एकट्यानं उचलला जात नाही. सर्जेराव कंबर धरायचा आणि नेमक्या क्षणी गुंडाप्पा उडी मारायचा, तेव्हा कुठे तो वर जायचा. पण टाळ्या ऐकून ऐकून सर्जेराव हवेत गेला. एका जत्रेत म्हणाला, "गुंडाप्पा, आज उडी मारू नकोस. मी एकटा उचलतो."

"तुझी मर्जी," गुंडाप्पा म्हणाला.

तंबू खच्चून भरला होता. सर्जेरावानं कंबर धरली, जोर लावला. गुंडाप्पा तसूभर हलेना. पुन्हा जोर लावला. पाठीत कळ आली, पाय लटपटले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. सर्जेरावाच्या तोंडचं पाणी पळालं. आज अब्रू जाणार, हे त्याला कळून चुकलं.

गुंडाप्पा कानाशी पुटपुटला, "श्वास सोड. तीन म्हटलं की ऊठ." आणि त्यानं उडी मारली.

काय तो जल्लोष! तंबूचं कापड फाटतंय की काय असं वाटलं. गावात ती कुस्ती अजून सांगतात. सर्जेरावही तीस वर्षं सांगत राहिला, "दोनदा अडलो, पण शेवटी एकट्याच्या ताकदीवर उचलला!" उडीचं नाव नाही.

यंदाच्या जत्रेत गावानं सर्जेरावाचा सत्कार ठेवला. गुंडाप्पा शेजारच्या गावाहून एस.टी.नं आला. काठी टेकत स्टेजच्या पायरीशी पोचला, तर जत्रा कमिटीतला एक जण म्हणाला, "आजोबा, खाली बसा. सत्कार जिंकणाऱ्याचा आहे." गुंडाप्पा निमूट खाली बसला आणि शेंगा सोलू लागला.

सर्जेरावानं ते वरून पाहिलं. डोक्यावर मानाचा फेटा बांधून झाला होता. गप्प राहिलं तर मान राहत होता. बोललं तर तीस वर्षांचं नाव जात होतं. त्यानं माईक ओढला. खाली बसलेल्या गुंडाप्पाकडे बोट दाखवून म्हणाला,

"त्या दिवशी ह्याला मी उचललं नाही. मला जमलंच नाही. ह्यानं उडी मारली, म्हणून माझी अब्रू राहिली. मी तुम्हाला खोटं सांगत आलो."

काहींची तोंडं उतरली. पहिल्या रांगेतले एक म्हातारबाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे देवा, म्हणजे आम्ही टरफलं भलत्यालाच मारली की!"

सर्जेराव गुडघे सांभाळत खाली उतरला. आपला फेटा काढून त्यानं गुंडाप्पाच्या डोक्यावर ठेवला. गुंडाप्पाचे डोळे भरून आले, तरी तो बोललाच, "लेका, तीस वर्षं उशीर केलास. आता टक्कल पडलंय. फेटा टिकतोय होय ह्यावर!"

"घसरू दे. मी धरतो," सर्जेराव म्हणाला, आणि दोन्ही हातांनी फेटा धरून उभा राहिला.

तात्पर्य: आपण वर गेलो त्यात ज्याची उडी होती, त्याचं नाव चारचौघांत घ्यावं, आणि तो ऐकायला आहे तोवरच घ्यावं.