ओंजळीची विहीर

खडकउंबऱ्याच्या वेशीजवळ, ख्रिस्ती देवळाच्या अलीकडे एक दगडी विहीर आहे. गावात नवा आलेला माणूस तिथं हमखास गोंधळतो. पोहरा सोडून तो पाणी शेंदतो आणि तोंडाला लावणार, एवढ्यात शेजारची बाई त्याला थांबवते. "ते मला घाला. तुमचं मी शेंदते. ओंजळ करा." असं का, हे विचारलं की लोक थोमाबाबा आल्हाटांकडे बोट दाखवतात. बाबा देवळाची देखभाल करतात. आलेल्याला ते आधी पायरीवर बसवतात आणि मगच सांगायला लागतात. ते सांगतात ते असं.

प्लेगाच्या साथीच्या आधीपासून राहेल नावाची तरुण विधवा या गावात राहत होती. नवरा उपदेशक होता, तो गेल्यावर गवती छपराच्या प्रार्थनाघराची झाडलोट तिच्याकडे आली. दिवस शिवाशिवीचे. ती ख्रिस्ती झाली म्हणून विहिरीनं काही तिला जवळ केलं नव्हतं. चौथऱ्याखाली घागर ठेवून उभं राहायचं आणि वरच्या कुणा बाईला दया आली तर तिनं वरून पाणी ओतायचं, अशी रीत होती. कधीकधी उन्हं डोक्यावर येईपर्यंत घागर कोरडीच राहायची. पाटलाची आई गोदूबाई हिनं तर त्या घागरीत कधी थेंब टाकला नव्हता. बाई मनानं वाईट नव्हती म्हणे, पण सोवळ्याला फार कडक.

मग साथ आली. आधी उंदीर पडले, मागोमाग माणसं. गाव घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहिलं. ज्याच्या काखेत, जांघेत गाठ उठे त्याला ओढ्यापलीकडच्या छपरीत नेऊन ठेवत. भाकरी लांबूनच टाकत. पाणी काही लांबून टाकता येत नाही. गोदूबाईला गाठ आली तेव्हा पाटलानं आईलाही तिथंच आणून सोडलं, कारण झोपडीत लेकुरवाळी सून होती. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. त्याला पाहवलं नसतं.

राहेलचा धाकटा भाऊ शिमोन शेजारच्या गावाहून बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला.

"अक्का, चल. बोचकं बांध."

"ओढ्यापलीकडून आवाज येतोय, ऐकू येतोय ना तुला?"

"येतोय. पण कोण माणसं ती? तुला घागर घेऊन उन्हात उभी करणारी!"

"तीच. तहान काय असते ते मला त्यांनीच शिकवलंय."

"आणि तू मेलीस म्हणजे?"

"मेले तर मेले. वधस्तंभावर माझ्या प्रभूला तहान लागली तेव्हा लोकांनी त्याला पाणी नाही, आंबट आंब दिली. आज तो त्या छपरीत पाणी मागतोय, शिमोन. मी गाडीत कशी बसू?"

शिमोननं खूप विनवलं, मग चिडला, शेवटी रडत रिकामी गाडी घेऊन गेला. राहेल घागर घेऊन विहिरीवर आली. अडवायला चिटपाखरू नव्हतं. तरी चौथऱ्याच्या पायरीवर पाऊल ठेवताना तिनं मागं पाहिलं. पोहरा वर आला तेव्हा त्या विहिरीचं पाणी तिनं पहिल्यांदा आपल्या हातानं काढलेलं होतं.

छपरीत तिनं माणसांना पाणी पाजलं, त्यांची अंगं पुसली, घाण उपसली. मेलेल्यांचे डोळे मिटले. तापानं करपलेल्या ओठांनी तिची जात विचारली नाही. एकट्या गोदूबाईनं तोंड फिरवलं.

"मला बाटवू नकोस. मरू दे."

"बरं," राहेल म्हणाली. "पण तुम्ही प्याल तेव्हाच मी पिईन."

म्हातारीला वाटलं, बोलण्यापुरतं बोलली. पण राहेल खेपा घालत राहिली. दिवसभर भरल्या घागरी डोक्यावरून आणल्या, दुसऱ्यांच्या तोंडात ओतल्या आणि स्वतःच्या जिभेवर थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी छपरीच्या दारात तिला भोवळ आली. पडता पडता तिनं घागर तेवढी सांभाळली. ओठ फुटून रक्त आलं होतं.

गोदूबाई पाहत होती. "अगं, भरली घागर आहे पुढ्यात. पी की!"

"तुमच्या आधी नाही."

"फार हट्टी आहेस."

"आहे."

म्हातारीनं हात पुढं केला. मग म्हणाली, "आण इकडं."

ती घटाघटा प्यायली. मग कोपरावर रेलून उठली, राहेलच्या हातातला तांब्या तिनं ओढून घेतला. "आता तू ओंजळ कर. माझ्या हातचं पी." अर्धं पाणी मातीत सांडलं. इतकी मरणं पाहून न रडलेली राहेल त्या ओंजळीवर रडली, असं सांगतात.

गोदूबाईची गाठ फुटली आणि ती वाचली. उठता आल्यापासून राहेलच्या जोडीनं ती दुखणेकऱ्यांचं करू लागली. साथ ओसरत आली आणि राहेललाच ताप भरला. म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं ते शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. आईला न्यायला आलेल्या पाटलाला ती म्हणाली, "आधी हिला खांदा दे. मग मी घरी येईन." एका बाजूला पाटील, दुसऱ्या बाजूला निरोप कळून धावत आलेला शिमोन, असे राहेलला घेऊन गेले. प्रार्थनाघरामागे तिला पुरलं.

गाव परतलं तेव्हा पंच म्हणाले, विहीर बाटली, शुद्ध करून घेऊ. गोदूबाई काठी टेकत चौथऱ्यावर चढली.

"राहेलच्या हातानं ही विहीर बाटली असेल, तर त्याच हातचं पाणी पिऊन मी जगलेय. आधी मला शुद्ध करा! बघू कुणाची छाती आहे."

पंच मागं सरले. तिनं खाली उभ्या असलेल्या शिमोनला हाक मारली, "शेंद." त्याचे पाय पायरी चढेनात. तेव्हा ती खाली उतरली, त्याचं मनगट धरून त्याला वर घेऊन गेली. त्यानं शेंदलं, ती प्यायली. मग तिनं शेंदलं, तो प्यायला. "इथं आपण काढलेलं पाणी आपण प्यायचं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याला पाजायचं, दुसऱ्याच्या हातचं प्यायचं." ज्यांना हे पटलं नाही ते कित्येक वर्षं तिकडं फिरकले नाहीत. पुढं एका उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी आटल्या, तेव्हा तेही ओंजळ करून उभे राहिले म्हणे.

आता घरोघरी नळ आलेत. तरी उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना संपली की देवळातली माणसं विहिरीवर येतात, गावातलीही येतात. लग्न झालेलं जोडपं, मग ते कुठल्याही आळीतलं असो, पहिल्यांदा इथं एकमेकांना पाणी पाजतं. आणि आजही भर उन्हाचा एखादा वाटसरू एकटाच आला आणि त्याला रीत ठाऊक असली, तर तो पाणी शेंदतो, भरला पोहरा काठावर ठेवतो आणि रस्त्याकडे पाहत थांबतो. घशाला कोरड असते, पाणी हाताशी असतं, पण तो पीत नाही. गावातून कुणी ना कुणी त्याला पाहतं आणि हातातलं काम टाकून विहिरीकडे निघतं.