गुळाच्या दुकानातले हसू

एकदा एका वैद्याकडे एक शिष्य विद्या शिकायला आला, आणि आल्या दिवसापासून त्याला आपल्या गुरूचाच संशय होता.

वैद्य म्हातारा होता आणि त्याची ख्याती मनाच्या आजारांसाठी होती. कोणाला झोप येत नसे, कोणाला विनाकारण रडू फुटे, कोणी अंगणाबाहेर पाऊल टाकायला भीत असे. अशी माणसे दूरदुरून त्याच्या ओसरीवर येऊन बसत. मनाचा वैद्य म्हटला की त्याच्याजवळ काही गूढ शास्त्र असणार, एखादी गुप्त मात्रा असणार, अशी शिष्याची समजूत. आणि गुरू दिवसभर करायचा काय, तर रोग्याशी गप्पा मारायचा. जेवलात का, झोप लागते का, घरात कोण असतं, संध्याकाळी कोणाशी बोलता. शिष्याला वाटे, इथे कुठेतरी पाणी मुरते आहे. खरी विद्या म्हाताऱ्याने थोरल्या शिष्यांना देऊन टाकली आणि मला ठेवले काढे उकळायला. थोरले शिष्य ओसरीच्या टोकाला गुरूशी हलक्या आवाजात बोलू लागले, की काढा ढवळणारा याचा हात थांबे. आपल्याबद्दलच काही चालले असणार, याविषयी त्याला तिळमात्र शंका नसे. संशयी माणसाला शंका फक्त इतरांविषयी असते, स्वतःच्या तर्काविषयी कधीच नसते.

एके सकाळी सुभद्रा नावाची एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली. वडील म्हणजे राघोशेट, जवळच्या बाजारगावातले घोंगड्यांचे व्यापारी.

"वैद्यबुवा, मला काही झालेलं नाही," राघोशेट बसता बसताच म्हणाले. "झालंय ते गावाला झालंय."

त्यांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, मुकुंदशेटचे गुळाचे दुकान होते. दोघे लहानपणापासूनचे मित्र. मुकुंदशेटच्या मुलाशी सुभद्राचा साखरपुडाही झालेला होता. पण वर्षभरापासून, राघोशेट सांगत होते, त्या दुकानाच्या पायरीवर रोज माणसे जमतात, इकडे बघतात, काहीतरी बोलतात आणि खदखदा हसतात. "अशा घरात मी लेक देणार नाही. येत्या बाजाराच्या दिवशी साखरपुड्याचं लुगडं आणि नारळ परत पाठवतो. मग दुकान आवरतो आणि गाव सोडतो."

सुभद्रा खाली मान घालून बसली होती. "लग्न मोडलं तर मी सोसेन, बुवा," ती म्हणाली. "पण मग बाबा कोणाशीच बोलणार नाहीत. आत्ताच दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून आत अंधारात बसतात."

वैद्याने तिला विचारले, वडील जेवतात का, झोपतात का, घरात कोणी नसताना कोणाला उत्तर दिल्यासारखे बोलतात का. ती म्हणाली, जेवण कमी झाले आहे, झोप तुटक आहे, पण तसे काही बोलत नाहीत. मग वैद्य राघोशेटकडे वळला.

"काय बोलतात ते कधी ऐकलंत?"

"ऐकायला कशाला हवं? कळतं."

"रस्त्याच्या या कडेवरून?"

"ओठ दिसतात की."

शिष्याला वाटले, आता गुरू याची समजूत घालील. शेठजी, तुमच्या मनाचे खेळ आहेत, सोडून द्या, असे काहीतरी सांगेल. पण वैद्य गंभीरपणे म्हणाला, "शेठजी म्हणतात त्यात तथ्यही असेल. तर्क कशाला करायचा? ऐकूनच घेऊ."

शिष्य चकित झाला. ही कसली चिकित्सा? आगीत तेलच ओतणे झाले हे. की रोगी बरा होऊच नये, म्हणजे तो पुन्हा पुन्हा ओसरीवर येत राहील, असा म्हाताऱ्याचा डाव आहे?

ठरले ते असे. बाजाराच्या दिवशी राघोशेटनी दुकान बंद ठेवायचे आणि परगावी गेल्याचे सांगायचे. लेकीबाळी माहेरी नेतात तशी एक सारवट गाडी, दोन्हीकडून पडदे सोडलेली, गुळाच्या दुकानालगतच्या लिंबाखाली बैल सोडून उभी करायची. कोणा घरंदाज बाईची गाडी असेल म्हणून तिकडे कोणी डोकावणार नाही. आत राघोशेट बसतील आणि त्यांच्यासोबत शिष्य.

निघताना वैद्याने शिष्याला बाजूला घेतले. "कान बाजाराकडे ठेव. डोळे मात्र शेठजींच्या चेहऱ्यावरून हलवू नकोस."

"चेहऱ्यावर काय बघायचं?"

"ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला बसवलं असतं?"

शिष्याने मनात नोंद केली की गुरूने पुन्हा एकदा विद्या सांगायचे टाळले.

सकाळी बाजार भरू लागला. पडद्याच्या फटीतून शिष्याने पाहिले, तर स्वतः वैद्य गुळाच्या दुकानी उभा होता आणि मुकुंदशेटशी हळू आवाजात काही बोलत होता. मुकुंदशेट मान डोलावत होते. झाले, शिष्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हातारा सगळ्यांना पढवून ठेवतो आहे. दिवसभर बाजार गोड गोड बोलेल, राघोशेट खूश होतील आणि वैद्यबुवांचा जयजयकार होईल. एवढीच का ती ख्याती! पण तो गप्प बसला, कारण राघोशेटनीही त्याच फटीतून तेच पाहिले होते आणि जाब विचारायचा हक्क त्यांचाच होता.

गाडीत उकाडा होता. बाहेर माणसे येत, ढेपेला बोटाने टोकरून बघत, घासाघीस करत. कोणाची म्हैस आटली होती. कोणाच्या विहिरीला पाणी लागले होते. कांद्याचा भाव पडला म्हणून एकजण सरकारपासून व्याह्यापर्यंत सगळ्यांना शिव्या घालत होता. शिष्याला कंटाळा आला, पण गुरूची आज्ञा म्हणून तो राघोशेटच्या तोंडाकडे बघत राहिला.

एवढ्यात पायरीवर हशा पिकला. चांगला मोठा, टाळ्या देऊन. राघोशेटनी शिष्याचे मनगट घट्ट धरले. "ऐक," ते पुटपुटले. "आता ऐक."

दोघांनी श्वास रोखला. हशा ओसरला तसे शब्द स्पष्ट झाले. मुकुंदशेटच्या बैलाने रात्री दावे तोडून गुळाची अख्खी ढेप चाटली होती आणि आता महाराज पेंडीला तोंड लावत नव्हते. "जावई आणून बांधला की काय गोठ्यात," असे कोणीतरी म्हणाले होते, त्यावर ते हसत होते.

राघोशेटनी मनगट सोडले.

दुपार झाली. एक म्हातारी घोंगडी घ्यायला आली आणि बंद फळ्यांसमोर उभी राहिली. तिने गुळाच्या दुकानात विचारले, "राघोशेटचं दुकान आज बंद कसं?" गाडीतले राघोशेट ताठ झाले.

"गावाला गेलेत म्हणे," मुकुंदशेट म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारले, "चिक्कीचा देऊ का साधा?"

त्यानंतर उन्हे कलेपर्यंत राघोशेटचा विषय निघाला नाही.

बाजार पांगू लागला तेव्हा वैद्य आला आणि त्याने पडदा वर केला. राघोशेट घामाने भिजले होते आणि संतापले होते.

"तुम्ही सगळ्यांना पढवून ठेवलंत," ते म्हणाले. "सकाळी त्याच्याशी कुजबुजताना मी बघितलं. गाडीत मी आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं."

शिष्याने गुरूकडे पाहिले. हाच प्रश्न त्याच्याही ओठांवर होता, आणि कोणीतरी तो विचारला याचा त्याला, खरे सांगायचे तर, आनंद झाला.

वैद्य गाडीच्या दांडीवर टेकला. "सगळा बाजार पढवण्याएवढी माझी ऐपत आहे, असं तुम्हाला वाटतं हा माझा मोठाच सन्मान झाला, शेठजी. पण मी पढवलं नाही हे सिद्ध करायला मी कष्ट घेणार नाही. पुरावा दिला म्हणजे संशय जातो, असं मी आजवर पाहिलेलं नाही. संशय पुरावा देणाऱ्यालाच कटात सामील करून घेतो." मग तो शिष्याला म्हणाला, "तू सांग. शेठजींनी असं काही ऐकलं का, जे तुझ्या कानांना ऐकू आलं नाही?"

"नाही. जे मी ऐकलं तेच त्यांनी."

"हे पहिलं. कोणी न बोललेले शब्द यांना ऐकू आले असते, तर माझा उपाय निराळा झाला असता. तो ताप असतो, अंगातल्या तापासारखाच. त्याला औषध लागतं, दीर्घ काळ सांभाळावं लागतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नसतं. यांचे कान शाबूत आहेत. आता चेहऱ्याचं सांग."

शिष्य घुटमळला. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाचे वर्णन त्याच्याच तोंडावर कसे करायचे? पण गुरू थांबून राहिला होता.

"हशा झाला तेव्हा शेठजींच्या चेहऱ्यावर भीती असेल असं मला वाटलं होतं," तो हळूच म्हणाला. "भीती नव्हती. तजेला आला होता. डोळे लकाकत होते. बैलाची गोष्ट निघाली आणि ते एकदम विझल्यासारखे झाले. म्हातारीने नाव काढलं तेव्हा पुन्हा तसंच. मुकुंदशेट तेवढंच बोलून गुळाकडे वळले, तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"तेव्हा शेठजी म्हणाले, 'एवढंच?'"

राघोशेटचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि जत्रेत बोट सुटलेल्या पोरासारखे त्यांचे तोंड झाले होते.

"सुभद्राची आई असताना," ते म्हणाले, "दिवेलागणीला मी घरी गेलो की ती सगळं सांगायची. आज अमकी भेटली, तुमची चौकशी करत होती. मुकुंदभावजी म्हणाले, राघोला आवडतो तसा गूळ आलाय. मी कधी मन देऊन ऐकलंसुद्धा नाही. गेल्या वर्षी ती गेली. चार दिवस सगळे येऊन बसले, मग आपापल्या उद्योगाला लागले. रस्त्यापलीकडे नुसते ओठ दिसायचे. शब्द..."

"शब्द तुम्ही घातलेत," वैद्य म्हणाला. त्याच्या आवाजात उपहास नव्हता. "मनाला रिकामी जागा सोसत नाही, शेठजी. सगळे आपल्याला विसरले, हे कबूल करण्यापेक्षा सगळे आपली निंदा करतात, हे त्याला सोपं जातं. निंदेत निदान आपण असतो तरी. तुम्ही गावावर रागावलात असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तुम्ही एकटे पडलात. ते दुःख उघडं पडू नये म्हणून हा संशय वर्षभर दारात पहारा देतोय. त्याला शिव्या देऊ नका, पण त्याच्या सल्ल्याने लेकीची सोयरीकही मोडू नका."

"मग करू काय?"

"रस्ता ओलांडा."

"आणि तिथे गेल्यावर तो खरंच वाईटवंगाळ बोलला तर?"

"तर लुगडं परत पाठवा. मी कुठे अडवलंय? फक्त मुकुंदशेटच्या तोंडचं ऐकून पाठवा. स्वतःच्या मनचं ऐकून पाठवू नका."

राघोशेट गाडीतून उतरले. पाय आखडले होते. रस्ता असा ओलांडायचा उरलाच नव्हता, गाडी दुकानालगतच होती. पण ती चार पावले टाकायला त्यांना फार वेळ लागला. मुकुंदशेट फळ्या लावत होते. त्यांनी वळून पाहिले. हा गावाला गेलेला माणूस बायकांच्या गाडीतून कसा उतरला, असले काही त्यांनी विचारले नाही. ते आत गेले आणि एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गुळाचा खडा घेऊन बाहेर आले.

"बस," ते म्हणाले. "वर्ष झालं, राघो, माझ्या पायरीला तुझा पाय लागला नाही. इथून बघायचो तर तू अंधारात तोंड फिरवून बसलेला. मला वाटलं, वहिनींच्या आजारपणात माझं काही चुकलं, ते तू मनात धरलंस. पोरांचं लग्न मोडतोस की काय, याची मला धास्ती. विचारायची हिंमत झाली नाही."

राघोशेटनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि ते त्या पायरीवर बसून रडले. मुकुंदशेट तांब्या धरून शेजारी उभे राहिले.

परतीच्या वाटेवर गाडीत गुरू-शिष्य दोघेच होते. शिष्य बराच वेळ बैलांच्या घुंगरांकडे कान देऊन बसला. त्याला म्हाताऱ्याच्या ओसरीचे टोक आठवत होते, तिथले हलके आवाज आठवत होते, आणि थांबलेला आपला हात. त्या आवाजात आपले नावच नसेल तर? हा विचार त्याने आजवर कधी मनात येऊ दिला नव्हता. तो त्याला निंदेपेक्षा जड गेला.

"गुरुजी," तो म्हणाला, "सकाळी मुकुंदशेटशी काय बोललात?"

"काढ्याला जुना गूळ हवा होता. त्यांनी ठेवतो म्हणून सांगितलं." वैद्याने पायाशी ठेवलेली पुरचुंडी दाखवली. "दिवसभर हे पोटात ठेवून बसलास?"

"दिवसभर नाही," शिष्य म्हणाला. "दोन वर्षं. थोरले तुमच्याशी हळू बोलतात, तेव्हा माझ्याविषयी बोलतात का?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले. "कधी कधी," तो म्हणाला. "बहुतेक वेळा नाही. ये की उद्यापासून. काढा उकळत ठेव आणि येऊन बस."

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या टोकाला थोरले शिष्य जमले, तेव्हा याने पळी खाली ठेवली आणि तो उठला. त्यांनी सरकून त्याला जागा दिली. ते एका रोग्याच्या झोपेविषयी बोलत होते.

समोरच्या पायरीवरचे ओठ हलताना दिसले, की आपणही आधी रस्ता ओलांडावा. शब्द मागाहून ठरवावेत.